आमचं खोटं अनुष्ठान

माझे वडील आजारानं झिजत चालले होते आणि मी पाच महिने त्यांना शाबासकी देत होतो. “वा अण्णा, आणखी उतरलात,” असं रोज सकाळी म्हणत होतो. माझ्या हातून आयुष्यात गाढवपणे पुष्कळ झाले. त्यातले बरेचसे मी चारचौघांत तिखटमीठ लावून सांगतो आणि लोक हसतात. हा मात्र सांगायला घेतला की मधेच कुठंतरी घसा बसतो, म्हणून लिहून टाकतो. लिहिताना घसा लागत नाही.

सुरुवात माझ्या छातीपासून झाली. आमच्या घराण्याची ठेवणच अशी की कमरेखाली माणूस काटकुळा आणि कमरेवर गावचा पाटील. पाय बघावेत तर बगळ्याचे. वर छाती, दंड, पाठ, मान असं सगळं कणीक जास्त झाल्यासारखं लोंबणारं. अण्णांचं अंग तसंच होतं, त्यांच्या वडिलांचंही तसंच होतं म्हणत. राज्य बदललं, दप्तर उर्दूतून मराठीत आलं, तेव्हा ज्या पोरांना तहसीलीत कारकुनी मिळाली त्यांतला मी एक. तिथं कोट घालून बसलो की मी भारदस्त दिसायचो. पण आमचं मूळ काम तुळजापुरात यजमानांचे अभिषेक आणि कुळधर्म सांगण्याचं. सुट्टीच्या दिवशी नि सणावारी मी अण्णांच्या हाताखाली असायचो, आणि ते काम सोवळं नेसून, उघड्या अंगानं. आरतीला हात वर केला की माझं ऊर आरतीच्या आधी हलायला लागायचं. एकदा लातूरकडच्या एका यजमानाच्या चार वर्षांच्या नातीनं आजीला विचारलं, “आजी, हे काका बाळाला पाजतात का गं?” आजीनं तिच्या तोंडावर हात ठेवला, पण स्वतः पदरात तोंड घालून इतकी हसली की मला संकल्प पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागला.

तेवढ्यावर मी काही केलं नसतं. पण भूमहून एक स्थळ आलं. मुलीचे वडील आणि मामा दर्शनाचं निमित्त करून आले आणि नेमके मी अभिषेक सांगत असताना समोर येऊन उभे राहिले. आठ दिवसांनी पत्र आलं की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही अजून दिलीच नव्हती. मध्यस्थाला खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मुलगा चांगलाय म्हणाले. पण वरनं जरा बाईमाणूस वाटतो, असं मामाचं म्हणणं पडलं.”

आता हसू येतं. पुढं दोन-तीन वर्षांनी माझं लग्न झालं ते हे ऊर जसंच्या तसं असताना, आणि बायकोनं त्याबद्दल आजवर एक अक्षर काढलेलं नाही. पण तेव्हा मी पंचविशीचा होतो आणि त्या मामाचं वाक्य मला सोवळ्यासारखं चिकटून बसलं होतं.

आधी मी तालमीत गेलो. तिथले वस्ताद साठीचे, कान चुरगळलेले, आणि आमच्या घराला मानणारे. अण्णांना ते ‘थोरलं काका’ म्हणत आणि मला ‘धाकलं काका’. त्यांनी जोर मारायला लावले आणि खुराक सांगितला, म्हशीचं दूध, बदाम आणि वरून केळी. जोर मी वीस मारायचो आणि दूध दीड शेर प्यायचो. दीड महिन्यानं वस्तादांनी माझ्या छातीवर थाप मारली, ती जरा वेळ हलताना बघितली आणि म्हणाले, “धाकलं काका, मेहनतीचं म्हाईत न्हाय, पर खुराक अंगी लागलाय.”

मग कचेरीच्या कामानं धाराशिवला गेलो असताना तिथल्या एका म्हाताऱ्या वैद्याला गाठलं. त्यानं माझी नाडी बघितली, पोट दाबलं आणि पथ्य सांगितलं. दिवसातून एक वेळ ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. तूप, गूळ, पुरण, भात बंद. पहाटे उठून पायऱ्या चढायच्या, कोसभर चालायचं. “आणि घाई करायची नाही,” तो म्हणाला. “चेहरा आधी उतरतो, पाय उतरतात. हे वरचं मांस हट्टी असतं. सगळ्यांच्या शेवटी जातं, कधी कधी जातही नाही.”

पथ्य सोपं होतं, पण आमच्या घरात अशक्य होतं. का, ते सांगायला हवं. लांबलांबचे यजमान कुळधर्माला आमच्याकडं उतरत. देवीला पुरणाचा नैवेद्य व्हायचा आणि मग पहिलं पान आमचं. ब्राह्मण पोटभर जेवला तर नैवेद्य देवीला पोचला, अशी त्यांची समजूत. त्या बाबतीत अण्णा म्हणजे आमच्या घराचा लौकिक होता. चौदा-पंधरा पोळ्या, वर वाटीभर तूप, आणि शेवटचा ढेकर असा की ओसरीवरचा यजमान हात जोडायचा. “काका जेवले, देवी पावली,” असं म्हणत लोक गावी जात. अशा ठिकाणी ‘मला पुरण नको, मी बारीक होतोय’ म्हणून कसं सांगणार? यजमान अपशकुन समजून पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या दारात जायचा.

तोड मीच काढली. म्हटलं, “अण्णा, अनुष्ठान धरलंय म्हणून सांगायचं. एकभुक्त, भाकरी-ताक. देवीचं अनुष्ठान म्हटल्यावर कोण आग्रह करतोय?”

अण्णा पानाला चुना लावत होते. ते थांबले. “खोटं अनुष्ठान? तिच्या दारात बसून?”

“खोटं कसं? भाकरी खरीच खायची आहे की.”

त्यांनी पान दुमडून तोंडात टाकलं. मग म्हणाले, “बापानं पोळ्या हाणायच्या आणि पोरानं अनुष्ठान करायचं, हे कुणाला पटायचं नाही. मग मीपण धरतो. तुलाही जेवताना सोबत होईल.”

आई आतून म्हणाली, “दोघंही करा. माझं पुरण वाटणं वाचेल.”

दिवाळी होऊन गेली आणि आम्ही सुरुवात केली. पहाटे देवळातल्या गोमुखाच्या धारेखाली अंघोळ, मग देवळाच्या पायऱ्या पाच वेळा वर-खाली, मग गावाबाहेरच्या घाटशिळेपर्यंत चालत जाऊन परत. वाटेत अण्णा मला स्तोत्रं म्हणायला लावायचे, म्हणजे दम किती टिकतो ते कळतं. पहिले आठ दिवस मी पायऱ्यांवर बसून घ्यायचो आणि ते वर उभे राहून हसायचे. इतकी वर्षं आम्ही एकत्र पूजा सांगितली, पण बोललो असे त्याच महिन्यात. त्यांच्या लहानपणी ते परातभर श्रीखंड खाऊन विहिरीत उडी मारायला गेले आणि बुडता बुडता वाचले, हे मला घाटशिळेच्या वाटेवर कळलं. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कुठले म्हणून विचारलं तर मी तेच सांगेन, आणि त्याच दिवसांत मी काय करत होतो ते सांगायची मला लाज वाटते.

आमच्या ओसरीत आढ्याला मोठा तराजू टांगलेला असे. नवस बोललेले यजमान पोराची गुळानं तुळा करत, त्यासाठी तो होता. दर पंधरवड्याला त्याच्या एका पारड्यात आम्ही आळीपाळीनं बसायचो आणि दुसऱ्यात आई ज्वारीचं पोतं आणि वर मापं टाकायची. तेव्हा नुकतेच किलो आले होते, शेर-पासरी अजून घरात होतीच, त्यामुळं हिशोबाचा घोळ व्हायचा. पण कोण हलकं झालं ते डोळ्यांना दिसायचं. मी थोडा थोडा उतरत होतो. गाल बसले, पाय आणखी बारीक झाले, धोतराची गाठ घट्ट बांधावी लागली. ऊर मात्र होतं तिथंच. उलट बाकीचं गेल्यामुळं ते एकटंच जास्त दिसायला लागलं.

अण्णा मात्र भरभर उतरत होते. पौष सरेपर्यंत त्यांचे दंड गेले. माघात गळ्याखालची हाडं दिसायला लागली. पारडं वर जायचं तेव्हा ते मांडी घालून लहान पोरासारखे बसलेले असायचे आणि म्हणायचे, “बघ रे, आज मापं कमी लागली. म्हाताऱ्यानं हरवलं तुला.”

मला हेवा वाटायचा, हे मी कबूल करतो. मी तीच भाकरी खात होतो, त्याच पायऱ्या चढत होतो, आणि माझं हलत नव्हतं. माझी मी समजूत काढली की अण्णांचा निग्रह मोठा. ते अर्धी भाकरी ठेवून उठायचे. मी माझी पुसून खायचो, वर त्यांच्या उरलेल्या अर्धीकडं बघायचो. “अण्णा, ही अर्धी कशी सोडवते तुम्हाला?” असं मी एकदा विचारलं.

“भूकच होत नाही बघ हल्ली,” ते म्हणाले. “सवय लागली.”

“हेच पाहिजे,” मी म्हणालो.

गावात कुणी तरी विचारायला हवं होतं की काका, तुम्हाला काय होतंय. पण कुणी विचारलं नाही, कारण मीच सगळ्यांना अनुष्ठान सांगून ठेवलं होतं. दुसरा कुणी असा वाळला असता तर लोकांनी दहा औषधं सुचवली असती. अण्णा वाळत गेले तसतसे लोक जास्त वाकून नमस्कार करायला लागले. यजमान पोराबाळांना पुढं ढकलून म्हणत, “पाया पडा, तेज बघा कसं आलंय.” ते तेज नव्हतं, गालाची हाडं होती. पण मीही मान डोलवायचो.

आईनं मला पहिल्यांदा सांगितलं ते फाल्गुनात. मी कचेरीला निघालो होतो. ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “खाल्लेलं उलटतंय त्यांना. परसात जाऊन काढतात. मला सांगू नको म्हणालेत.”

मी हसलो. म्हटलं, “पोट लहान झालं की असंच होतं. माझंपण होतं कधी कधी.” माझं कधीच होत नव्हतं.

दुसऱ्यांदा ती होळीनंतर म्हणाली. “ताकसुद्धा घोट घोट घेतात रे. मधेच थांबतात, छातीवर हात ठेवतात. कुणाला तरी दाखवू या.” तेव्हाही मी हसून म्हणालो, “आई, तुला त्यांना पंधरा पोळ्या खाताना बघायची सवय लागलीय. आता माणसासारखं जेवतात तर तुला आजार दिसतो.” ती आत जाऊन भांडी घासायला बसली.

वस्ताद बोलले ते त्यानंतर. एका पहाटे ते गोमुखावर आले होते. अण्णा धारेखाली उभे होते आणि वस्ताद त्यांच्या पाठीकडं बराच वेळ बघत राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “धाकलं काका, राग मानू नका. म्या हयातभर लोकांची अंगं बघितली. मेहनतीनं उतरलेलं अंग असं नसतं. कातडं मागं ऱ्हात न्हाय असं, कानशिलं आत जात न्हाईत. थोरल्या काकांना सोलापुरी न्या.”

मला राग आला. वाटलं, ह्यांचा बदामाचा खुराक वाया गेला आणि आमची भाकरी लागू पडली म्हणून ह्यांना झोंबतंय. “बघू,” म्हणालो आणि अण्णांना टॉवेल द्यायला गेलो. टॉवेल खांद्यावर टाकला तर तो घसरला. खांदा राहिलाच नव्हता. मी तो उचलून पुन्हा टाकला.

चैत्रात एका अभिषेकानंतर अण्णांनी तीर्थ घेतलं, तळहातभर पाणी. ते परत आलं. सोवळ्यावर, यजमानांच्या देखत. तीर्थ बाहेर आलं म्हणून ते स्वतःच इतके घाबरले की देवीसमोर गाल बडवून घ्यायला लागले. मी त्यांचे हात धरले, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा मला कळलं की माझ्या मुठीत काय धरलंय. मनगट असं होतं की माझी बोटं त्याला वेढून वर उरत होती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं सोलापूर गाठलं. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, एक्स-रेचा फोटो काढायला लावला आणि मला विचारलं, “अन्न केव्हापासून कमी झालंय?”

“ते पथ्यावर आहेत,” मी म्हणालो. अजूनही माझ्या आवाजात थोडी फुशारकी होती, ती मला आठवते.

“पथ्य कुणी दिलं?”

“मीच.”

डॉक्टरांनी माझ्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बाहेर नेऊन सांगितलं की अन्न जिथून पोटात उतरतं तिथं गाठ आहे, वाट जवळजवळ बंद झालीय, आणि आता फाडून उपयोग नाही. मी विचारलं, “आधी आणलं असतं तर?” ते हात धूत होते. “ते मला सांगता येणार नाही,” म्हणाले. त्यांनी होय म्हटलं असतं तर मी आयुष्यभर स्वतःला दोष देत बसलो असतो, नाही म्हटलं असतं तर सुटलो असतो. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही.

परत येताना अण्णांनी विचारलं, “काय म्हणाले?”

“उष्णता झालीय म्हणाले.”

“हं,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तामलवाडीला गाडी थांबली. फाट्यावर एकजण कढईतून भजी काढत होता आणि वास आत येत होता. अण्णांनी जन्मात बाहेरचं काही तोंडात घातलं नव्हतं, सोलापुरात पाणीसुद्धा घरून नेलेल्या तांब्यातलं पीत. ते मला म्हणाले, “एक भजं आण रे. का पथ्यात बसत नाही तुझ्या?”

मी खाली उतरून पुडा आणला. त्यांनी एक भजं घेतलं, फुंकर मारली, वास घेतला, कोपरा तोडून जिभेवर ठेवला. तो गिळायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग धोतराच्या सोग्यात हळूच काढून टाकला. उरलेलं भजं त्यांनी टाकलं नाही, मलाही दिलं नाही. घाट चढून तुळजापूर येईपर्यंत ते तसंच मुठीत धरून बसले. घरी आल्यावर आईनं विचारलं, “धोतराला तेल कुठनं लागलं?” तर म्हणाले, “ह्याच्याबरोबर चैन केली.”

त्यानंतर तीन महिने. आई कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायची. लोक दर्शनाला यावं तसे यायचे, अनुष्ठानाला बसलेल्या माणसाला बघायला. मी एक-दोघांना खरं सांगितलं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. एक दिवस मी पाय चेपत होतो तेव्हा अण्णा आईला म्हणाले, “खोटंच धरलं होतं आम्ही. तिनं खरं करून घेतलं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. मी सांगायला पाहिजे होतं की ती कल्पना माझी होती, देवीनं हिशोब करायचा तर माझ्याशी करायला हवा. मी पाय चेपत राहिलो.

श्रावणात ते गेले. तिरडी उचलायला चौघं जोर धरून पुढं झाले, आणि उचलल्यावर एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. वस्ताद एका खांद्याला होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, आणि पुढंही तो विषय कधी काढला नाही.

दहाव्याला, बाराव्याला मी उघड्या अंगानं बसलो होतो. नातेवाईक कुजबुजत होते की पोरगा पार खचलाय, बघा कसा वाळलाय. गाल बसले होते, खरं आहे. ऊर तिथंच होतं. पिंडावर पाणी सोडायला हात पुढं केला की ते पूर्वीसारखंच हलत होतं, आणि आता त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

पुढं दसऱ्याच्या सुमाराला यजमानांची गर्दी सुरू झाली. पुरण पुन्हा शिजायला लागलं. एका दुपारी जेवणं उरकल्यावर आई ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. डॉक्टरांनी जे सांगितलं नव्हतं ते मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मला काय ऐकायचं होतं ते ठरलेलंच होतं. ‘नाही रे बाळा, त्यांचं आयुष्यच तेवढं होतं,’ असं ती म्हणेल, मग मी थोडा रडेन, ती पाठीवरून हात फिरवेल, असा सगळा बेत मी मनात करून आलो होतो.

“आई,” मी म्हणालो, “माझ्यामुळं उशीर झाला का गं?”

तिनं सुपातला एक खडा उचलला, अंगणात टाकला.

“झाला,” ती म्हणाली. “दोनदा सांगितलं मी तुला. दोन्ही वेळा हसलास.”